पाहण्यापुरता आठवडा

"पाहायला पाठवलीय म्हणे. पाहून कुणाचे हात फाटत नाहीत," आनाइग पुटपुटली.

ट्रॉलीवर जागाच एवढी होती, की दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. एनोराला ऐकू गेलं. तिला ऐकू जावं म्हणून आनाइग बोलली असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ती बाई जन्मभर अशीच, मनातलं ओठांत चघळत काम करत आलेली. पुढे ट्रॅक्टरवर तिचा नवरा गिल्दास पाठ वाकवून बसला होता. पावसाची धार त्याच्या रबरी टोपीवरून मानेत उतरत होती आणि तो ती पुसत नव्हता. नोव्हेंबर लागल्यापासून पुसून पुसून तो कंटाळला होता.

ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी मागे सरकलं तशा चिखलातून लोखंडी घोड्या वर आल्या, रांगेमागून रांग, आणि त्यांवर बांधलेल्या जाळीच्या पिशव्या. पिशव्यांत कालवं. नाताळच्या पंधरवड्यात अख्खा देश कालवं खातो, आणि आमच्या खाडीकाठच्या घरांचं वर्ष त्या पंधरवड्यावर उभं असतं. नाताळ आठवड्यावर आला होता. अशा वेळी शाळेनं मुलगी पाठवलेली.

शाळेचा तो नियमच आहे. नववीच्या प्रत्येक पोरानं डिसेंबरात एक आठवडा कुठल्या तरी कामाच्या जागी घालवायचा. यंत्राला हात लावायचा नाही, ओझं उचलायचं नाही, नुसतं पाहायचं. बहुतेक पोरं केस कापणारीकडे नाही तर औषधांच्या दुकानात जातात, तिथं उबेला बसायला मिळतं. कालवांच्या शेडवर जाणारी पोरं म्हणजे ज्यांना कुणीच घेतलं नाही ती. त्यांना शाळेच्या मादाम लागादेक गिल्दासच्या गळ्यात घालत, आणि गिल्दास कधी नाही म्हणत नसे. गेल्या वर्षीचा पोरगा आठवडाभर गाडीत बसून फोनवर खेळला होता. गिल्दासनं त्याला रोज दुपारी गरम सूप नेऊन दिलं आणि शेवटी शाळेला कळवलं, पोरगा शांत आहे.

एनोरा मात्र हीच जागा स्वतः मागून घेऊन आली होती. चौदा वर्षांची, लांब हातांची, नाकाचा शेंडा कायम लाल. तिची आई करीन उन्हाळकऱ्यांचे, म्हणजे उन्हाळ्यापुरतं राहायला येणाऱ्यांचे, बंगले झाडायची. ते लोक गेले की किल्ल्या सांभाळायची.

घोड्यांपाशी पोचल्यावर गिल्दासनं तिला उभं केलं आणि सांगितलं, की इथून पाहा. मग तो आणि आनाइग कामाला लागले. पिशवी दोन्ही हातांनी उचलायची, हिसका द्यायचा, उलटी करून ठेवायची, रबराची पट्टी आकड्यात अडकवायची. पुढची पिशवी. थोड्या वेळानं आनाइगनं कमरेवर हात दाबून वर पाहिलं, तर पलीकडच्या रांगेत पोरगी पिशव्या उलटत होती. हिसका चुकत होता, पण उलटत होती.

आनाइग नवऱ्याला म्हणाली, की विमावाल्यानं पाहिलं तर आपण संपलो. गिल्दास म्हणाला, की एवढ्या पावसात विमावाला चिखलात उतरला तर मी त्याला कालवं फुकट देईन. आणि स्वतःचे कोरडे हातमोजे त्यानं पोरीकडे फेकले.

"थँक्यू, मुस्यो."

"मुस्यो म्हणवणारे साहेब बँकेत असतात. मालक म्हण."

दुपारी शेडमध्ये त्यानं तिला कालवं ऐकायला शिकवली. एक कालव हातात धरायचं, दुसऱ्यानं त्यावर टकटक करायचं. जिवंत, भरलेलं कालव दगडासारखं वाजतं. आतलं पाणी गळून गेलेलं रिकाम्या खोक्यासारखं. ते वेगळं काढायचं, नाही तर एक मेलेलं अख्खी करंडी नासवतं. एनोरा डोळे मिटून ऐकायची. संध्याकाळपर्यंत तिची चूक क्वचित होऊ लागली, आणि आनाइग तिनं निवडलेली पुन्हा तपासायची थांबली.

कालवांच्या हौदाचं पाणी सोडायची वेळ झाली तेव्हा पोरीनं विचारलं, की भरलेला हौद रिकामा का करताय. गिल्दासनं सांगितलं. पाणी गेलं की कालवं दचकून मिटतात. काही वेळानं पाणी परत द्यायचं, पुन्हा काढायचं. असं चार-पाच दिवस केलं की ती मिटून राहायला शिकतात, मग पॅरिसला पोचेपर्यंत तोंड उघडत नाहीत.

"म्हणजे यांची पण शाळा," एनोरा म्हणाली.

"हो."

"आणि नापास होतील ती?"

"ती आम्ही खातो. तीस वर्षं नापासांवर जगतोय."

ती हसली. मग हसणं विरायच्या आत तिनं विचारून टाकलं, कारण उद्यावर टाकलं असतं तर धीर झाला नसता. सप्टेंबरात तिला समुद्रकामाच्या शाळेत जायचं होतं, अर्धे दिवस शाळा आणि अर्धे दिवस शेडवर. पण कुणी मालक शिकाऊ म्हणून घ्यायला तयार असेल तरच ती शाळा प्रवेश देते. तिनं खाडीवरच्या दोघांना विचारलं होतं. एक हसला होता, दुसऱ्यानं तिच्या हातांकडे पाहून मान हलवली होती.

गिल्दासनं नळ बंद केला. त्याला मूलबाळ नव्हतं. शेड कुणाला द्यायची हा विषय त्या घरात जेवणाच्या टेबलावर कधी आला नव्हता.

"आठवडा होऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."

गावात त्या दिवसांत पोटाची साथ होती. दर घरात बादली होती. बेकरीवाली दुकान उघडून अर्ध्या तासात आत पळायची, आणि गिऱ्हाईक स्वतःच पाव घेऊन पैसे तबकात टाकून जायचं. शाळेत निम्मे बाक रिकामे होते. गिल्दासची आई सोआझिग, ऐंशीच्या घरातली, आदल्या रविवारपासून आडवी होती. वरच्या खोलीतून तिचं ओकणं खाली शेडपर्यंत ऐकू यायचं. आनाइग कालवं सोडून वर जायची, चादरी काढायची, म्हातारीला धुवायची, पुन्हा येऊन गार पाण्यात हात घालायची. तिच्या बोटांच्या पेरांना पडलेल्या चिरा साबणानं पांढऱ्या झाल्या होत्या.

बुधवारी पॅरिसला जायच्या पहिल्या करंड्या भरल्या. लाकडी पट्ट्यांच्या करंड्या, तळाशी ओलं शेवाळ, कालवं खोलगट बाजू खाली ठेवून एकाला एक घट्ट लावलेली, वरून तार. तार आवळणं एनोराला करता येत नव्हतं म्हणून ती शेवाळ घालत होती. शेडच्या दारापर्यंत करंड्यांची भिंत झाली. गाडी दुपारी येणार होती.

गाडीच्या आधी फोन आला. गिल्दास फोनवर फक्त "हो" म्हणत होता. मग त्यानं फोन खिशात ठेवला आणि हातातली करंडी, जी तो तार लावून पुरी करणार होता, ती तशीच ठेवली.

जिल्ह्याच्या कचेरीचा हुकूम होता. खाडीतल्या कालवांत पोटाच्या साथीचा विषाणू सापडला. खाडी बंद. महिनाभर एक कालव विकायचं नाही, गेल्या आठवड्याभरात विकलेली परत घ्यायची.

आनाइग शेवाळाच्या ढिगावर बसली. एवढंच. रडली-बिडली नाही. म्हणाली, की मग आता तारा कापाव्या लागतील.

तारा कापायला उरलेला दिवस गेला. भरायला जेवढा वेळ लागतो त्याहून रिकामं करायला जास्त लागतो, कारण हात चालत नाहीत. कालवं पुन्हा जाळीच्या पिशव्यांत, पिशव्या ट्रॉलीवर, ट्रॉली चिखलात, पुन्हा त्याच घोड्यांवर. मध्येच शहरातल्या हॉटेलाचा माणूस आपल्या करंड्या परत करायला आला. हात लांब करून, अंगाला लागू न देता त्यानं त्या दाराशी ठेवल्या आणि खिशातून बाटली काढून तळव्यांना औषध चोळलं. गिल्दास त्याला उन्हाळ्यापासून कालवं देत होता. त्यानं "नाताळच्या शुभेच्छा" म्हटलं. हॉटेलवाला तळवे चोळतच गाडीकडे गेला.

एनोराला गिल्दासनं दोनदा सांगितलं, की तू घरी जा, आता पाहण्यासारखं काही नाही. ती गेली नाही.

गुरुवारी सकाळी पाऊस थांबला आणि गारठा पडला. ओहोटीला गिल्दास आणि एनोरा दोघंच खाली उतरले. आनाइग घरी म्हातारीच्या चादरी धूत होती. घरासमोरच्या धक्क्याखालच्या घोड्या, अगदी काठाच्या, भरायच्या राहिल्या होत्या. चिखलावर पातळ बर्फाचा पापुद्रा होता आणि पाऊल टाकलं की तो काचेसारखा मोडत होता.

एका जागी मात्र पापुद्रा नव्हता. तिथं चिखलातून वाफ येत होती.

एनोरा पुढे गेली. धक्क्याच्या दगडांमध्ये, शेवाळानं झाकलेला, मांडीएवढा जाड मातीचा जुना पाइप होता. त्यातून पाणी सुटत होतं, आधी थेंबथेंब आणि मग एकदम भसकन, करडं, फेसाळ, गरम. साबणाचा वास आला आणि त्याच्या मागून दुसरा. पाणी चिखलात चर पाडत खाली गेलं, पहिल्या घोडीच्या पायांशी पसरलं, आणि तिथं साचून राहिलं. दोन सीगल येऊन त्यात चोची मारू लागले.

तिनं धक्क्याच्या कडेनं पाहिलं. पुढच्या घराखाली तसाच एक पाइप. त्याच्या पुढच्या घराखालीही. पाची घरं, गिल्दासच्या आज्याच्या काळातली, आणि त्या काळातलीच त्यांची मोरी.

मागे वळली तर गिल्दास अगदी जवळ येऊन उभा होता. तो तिच्या आणि पाइपाच्या मध्ये आला, पाय फाकवून उभा राहिला, जसं एखाद्या उघड्या पडलेल्या माणसासमोर आपण उभे राहतो तसा. पाइप त्याच्या दोन पायांमधून वाहतच होता.

"मालक, आजी आजारी आहेत," ती म्हणाली. "त्यांचं हे सगळं—"

"तू पाहायला आलीस," गिल्दास म्हणाला. "पाहिलंस. चल."

दिवसभर मग तो तिच्याशी पिशव्यांपुरतंच बोलला.

दुपारी जेवणाला शेजारचा लोएझ आला. लोएझ खाडीवरच्या कालववाल्यांच्या संघाचा अध्यक्ष, पाचांतलं शेवटचं घर त्याचं. टोपी न काढता तो टेबलाशी बसला. आनाइगनं त्याला सूप वाढलं, एनोरालाही वाढलं. पोरगी जेवायला असेल असं लोएझला वाटलं नव्हतं, पण एकदा बसल्यावर त्याला थांबवणं कुणाला जमलेलं नाही. म्हणाला, संघानं वकील केलाय. वरच्या शहराचं सांडपाण्याचं केंद्र आणि उन्हाळकऱ्यांचे बंगले, दावा या दोघांवर. भरपाई मिळेल, सगळ्यांना मिळेल, फक्त सगळ्यांनी एकच बोलायचं. उद्या शाळेत पोरांचा कार्यक्रम आहे, तुला बोलावलंय ना, तिथं पेपरवाला येणार आहे. तेव्हा नीट बोल.

"नीटच बोलतो मी," गिल्दास म्हणाला.

"वसंतात तो मोऱ्यांचा तपासनीस येऊन गेला होता, त्याचं नाव काढू नकोस. पाची घरांनी ठरवलंय ना, पुढच्या वर्षी जोडून घेऊ सांडपाण्याच्या नवीन नळाला. घेऊच. आत्ता त्याचं काय?"

वरून म्हातारीनं काठी आपटली. आनाइग उठून गेली. जिन्याच्या मध्यावर ती थांबली, वळून लोएझकडे पाहिलं, आणि मग वर गेली. थोड्या वेळानं संडासाची साखळी ओढल्याचा आवाज आला. लोएझनं पाव मोडून ताट पुसलं.

संध्याकाळी एनोरा आपले ओले मोजे पिशवीत कोंबून निघाली, तेव्हा गिल्दास शेडचं दार लावत होता. ती सायकल धरून थांबली.

"उद्या तुला बोलायचंय ना वर्गासमोर?" तो म्हणाला.

"हो. दहा मिनिटं. तुम्ही शेजारी बसायचं."

"सगळं कसं झालं, कशामुळं झालं, ते तू लोएझकाकाकडून ऐकलंसच." त्यानं कडी दोनदा तपासली. "उद्या नीट बोल. मग सप्टेंबरचं बघू आपण."

तो असं बोलला, आणि बोलून झाल्यावर तो आत गेला नाही. पोरीची सायकल वळणाआड होईपर्यंत दाराशी राहिला. आनाइगनं खिडकीतून पाहिलं. जेवताना तिनं त्याला विचारलं, की पोरीला काय सांगितलंस. तो म्हणाला, काही नाही.

शुक्रवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. आनाइगही निघाली, म्हणाली, की म्हातारी झोपलीय, तासभर चालेल. शाळेच्या सभागृहात भिंतीकडेनं मालकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. बोलावलं होतं अनेकांना. केस कापणारी आली होती, गुरांचा डॉक्टर आला होता, गॅरेजवाला आला होता. मादाम लागादेक प्रत्येकाचे हात हातात घेऊन आभार मानत होत्या. त्या प्रामाणिक बाई आहेत. पोरांनी पुस्तकाबाहेरचं जग पाहावं म्हणून दर शरदात दारोदार फिरतात आणि तोंडावर बंद होणारी दारं सोसतात. गिल्दासला त्या म्हणाल्या, की या आठवड्यात तुम्ही आला नसतात तरी मी समजून घेतलं असतं, पण आलात, फार बरं वाटलं.

तो बसायला गेला तेव्हा मागच्या रांगेतल्या एका पोरानं पोट धरून जीभ बाहेर काढली. रांग खिदळली. गिल्दास पोरांकडे बघून हसला, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. पेपरवाला पुढे येऊन बसला.

औषधांच्या दुकानात गेलेला पोरगा बोलला. गॅरेजला गेलेली मुलगी बोलली. मग एनोरा. तिचं नाक लाल होतं, बोटांवर चिरा होत्या. ती चांगली बोलली. घोड्या, पिशव्या, हिसका, ओहोटीची वेळ कशी ठरते, सगळं सांगितलं. दोन कालवं आणली होती. ती वाजवून दाखवली, तर खिदळणारी रांगही गप्प होऊन ऐकायला लागली. आनाइगनं न कळत मान डोलावली.

मग खाडी बंद झाल्याचं आलं. मादाम लागादेकनी हळूच विचारलं, की हे कशामुळं झालं ते तू तिथं शिकलीस का.

"हो," एनोरा म्हणाली. तिचा आवाज बदलला नाही. "वरच्या शहराचं केंद्र पावसात भरून वाहतं. आणि उन्हाळकऱ्यांचे बंगले. त्यांची घाण खाडीत येते. मेहनत आमची, घाण त्यांची."

लोएझचंच वाक्य, शब्दसुद्धा तेच. पेपरवाल्यानं लिहून घेतलं.

जीभ काढणाऱ्या पोरानं हात वर केला. म्हणाला, की बंगले तर बंद आहेत. कुणीच राहात नाही तिथं आत्ता.

"काही उघडे असतात," एनोरा म्हणाली.

"तुझी आईच किल्ल्या सांभाळते ना?"

वर्ग हसला. एनोराच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण ती थांबली नाही. म्हणाली, की आईनंच उघडले होते, हवा लागायला, पाहुणे येऊन राहिले होते गेल्या आठवड्यात, पुष्कळ पाहुणे. एकेक शब्द ती सरळ, न अडखळता मांडत होती, शेवाळावर कालव मांडावं तसा. आणि मांडून झाल्यावर तिनं गिल्दासकडे पाहिलं. वर्गाकडे नाही, मादामकडे नाही. करंडी पुरी करून मालकाकडे पाहावं तसं, बरोबर आहे ना, एवढंच विचारत.

आनाइगनं नवऱ्याच्या बाहीला हात लावला. थांबवायला की ढकलायला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

गिल्दास उठला. उठायची त्याची पाळी नव्हती. मालकांनी बसूनच राहायचं होतं. मादाम लागादेकना वाटलं, की त्याला पोरीचं कौतुक करायचंय. त्यांनी वर्गाला गप्प केलं.

तो पेपरवाल्याकडे न बघता, एकट्या एनोराकडे बघून बोलला. शेडमध्ये बोलायचा तसा, हळू.

"हे चुकलं. हे मी तुला चुकीचं शिकवलं. बंगले सप्टेंबरपासून बंद आहेत. माझी आई रविवारपासून आजारी आहे, आणि माझ्या घराचा संडास माझ्याच कालवांवर सुटतो."

केस कापणारीनं खाली पाहिलं. गॅरेजवाला, जो लोएझचा मेहुणा होता, खुर्ची मागे सारून उठला आणि बाहेर गेला. पेपरवाल्याचं पेन थांबलं होतं.

एनोरा कालवं हातात धरून तशीच उभी होती. सगळ्यांच्या आधी तिला कळलं होतं, की भरपाई बुडाली आणि सप्टेंबरात त्या शेडवर आता कुणालाच कुणी काही शिकवणार नाही.

"सांग त्यांना, पाची घरांचं सांग," आनाइग बसल्या जागेवरून म्हणाली. "एकट्याचं नको. चादरी मी धुते. पाणी कुठं जातं, ते मला रोज ठाऊक होतं."